टायर घासतो एकीकडे, दोष असतो दुसरीकडे
विजेवरच्या मोटारीच्या सस्पेन्शनची दुरुस्ती झाल्यावर येणारा आवाज कसा ओळखावा?

पुणे - पावसाळा ओसरू लागला, की शहरातील गॅरेजांमध्ये सस्पेन्शनच्या कामांची रीघ लागते. खड्ड्यात आदळून वाकलेले लोअर आर्म, गळू लागलेले शॉक ॲब्सॉर्बर, फाटलेले रबरी बुश असे भाग बदलून मोटार मालकाच्या ताब्यात दिली जाते. बिल चुकते होते, मोटार पूर्वीपेक्षा घट्ट चालते आणि मालक निश्चिंत होतो. दोन-चार दिवसांनी मात्र सोसायटीच्या फाटकातून वळताना चाकाजवळून 'खर्र' असा आवाज येतो. टायर कशावर तरी घासत असतो. पेट्रोल किंवा डिझेलच्या मोटारीत हा आवाज कित्येकदा इंजिनाच्या घरघरीत विरून जातो. विजेवरच्या मोटारीत इंजिनच नसल्याने तो पहिल्याच दिवशी कानावर पडतो. मालकाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्या आवाजाचा अर्थ लावता आला, तरच तिचा उपयोग.

देशात विजेवरची मोटार नवी नाही. बंगळूरची 'रेवा' २००१ मध्येच रस्त्यावर आली होती. तथापि घरातील मुख्य वाहन म्हणून अशा मोटारी घेतल्या जाऊ लागल्या त्या २०१९-२० पासून. ह्युंदाईची 'कोना' जुलै २०१९ मध्ये, तर एमजीची 'झेडएस ईव्ही' आणि टाटांची 'नेक्सॉन ईव्ही' जानेवारी २०२० मध्ये दाखल झाली. त्या पहिल्या तुकडीतील मोटारींनी आता अनेक पावसाळे पाहिले आहेत. बॅटरी आणि मोटर यांविषयी मालक जागरूक असतो. पण खड्ड्यांचा मार सर्वांत आधी बसतो तो सस्पेन्शनला. शिवाय या मोटारी आता कंपनीच्या सेवा केंद्राबाहेरील गॅरेजांतही जाऊ लागल्या आहेत. त्यामुळे दुरुस्तीनंतरच्या तक्रारींचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक झाले आहे.

वजनाचा प्रश्न

एकाच नावाची मोटार पेट्रोल आणि वीज अशा दोन्ही प्रकारांत मिळते, तेव्हा विजेची आवृत्ती सर्वसाधारणपणे शंभर ते तीनशे किलोंनी जड असते. हे वजन मुख्यतः फरशीखाली बसवलेल्या बॅटरीचे. ते पेलण्यासाठी स्प्रिंग अधिक ताठ असतात, शॉक ॲब्सॉर्बरची जडणघडण वेगळी असते आणि काही ठिकाणी बुशचे रबरही वेगळ्या कठीणपणाचे असते. बाहेरून पाहता मात्र दोन्ही भाग जुळ्या भावांसारखे दिसतात. पेट्रोलच्या मोटारीची स्प्रिंग विजेच्या मोटारीत सहज बसते आणि नेमकी तिथेच फसगत होते. स्प्रिंग बसते, पण वजनाखाली जास्त दबते. चाक कमानीत वर सरकते आणि मोकळी जागा कमी होते. म्हणून बिलावर केवळ 'फ्रंट स्प्रिंग, नग २' एवढे लिहिलेले पुरेसे नाही. सुट्या भागाचा क्रमांक लिहिलेला असावा आणि तो आपल्याच आवृत्तीचा आहे याची खात्री करून घ्यावी.

टायरचेही तसेच आहे. टायरच्या कडेवर आकारानंतर जो आकडा असतो, तो भारक्षमतेचा निर्देशांक. ९१ म्हणजे एका टायरची क्षमता ६१५ किलो, तर ९५ म्हणजे ६९० किलो. दुरुस्तीच्या वेळीच टायर बदलले असतील, तर आकार आणि हा निर्देशांक दोन्ही मूळ टायरशी ताडून पाहावेत. २०५ ऐवजी २१५ रुंदीचा टायर बसवला, तर तो दोन्ही बाजूंना सुमारे पाच-पाच मिलिमीटर वाढतो. ज्या जागेत मुळातच बोटभर अंतर असते, तेथे पाच मिलिमीटर ही लहान गोष्ट नव्हे.

आवाज केव्हा येतो?

निदानाची सुरुवात पान्याने नव्हे, कानाने करावी. टायर घासण्याचा आवाज नेमका कोणत्या प्रसंगी येतो, यावरून निम्मे उत्तर मिळते.

सरळ, सपाट रस्त्यावरही आवाज येत असेल आणि वेगाबरोबर त्याची लय वाढत असेल, तर तो चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे. याचा हिशेब सोपा आहे. २१५/६० आर १६ आकाराच्या टायरचा परीघ सुमारे २.०९ मीटर भरतो. ताशी २० किलोमीटर वेगाला असे चाक तीन सेकंदांत साधारण आठ फेरे घेते. आवाजाचे ठोके या हिशेबाशी जुळले, तर दोष चाकाशी निगडित आहे. अशा वेळी लोंबकळणारे प्लॅस्टिक, चुकीचा टायर किंवा टायरला टेकलेली स्प्रिंगची बैठक यांचा संशय घ्यावा. आवाज धातूचा, किणकिणता असेल तर तो टायरचा नसून ब्रेकच्या डिस्कमागील वाकलेल्या पत्र्याचा असण्याची शक्यता अधिक.

स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावरच आवाज येत असेल, तर चाक कमानीत पुढे किंवा मागे सरकले आहे काय, हे पाहावे लागते. तो एकाच बाजूला वळताना येत असेल, तर त्या बाजूच्या चाकाची जागा किंवा स्टिअरिंगचा मध्य चुकला असण्याचा संभव असतो.

गतिरोधकावर, खड्ड्यात किंवा चौघे बसल्यावरच आवाज येत असेल, तर दोष उंचीशी संबंधित असू शकतो. स्प्रिंग चुकीची आहे, ती बैठकीत नीट बसलेली नाही किंवा शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्यावरचे रबरी अटकाव, ज्यांना 'बंप स्टॉप' म्हणतात, ते जुळणीत राहून गेले आहेत, अशा शक्यता तपासाव्यात.

चौथा प्रसंग विजेवरच्या मोटारीत विशेष जाणवतो. वेग देण्याच्या पॅडलवरून पाय उचलताच मोटर उलट काम करून बॅटरीत वीज भरू लागते आणि गाडी मंदावते. हा जोर चाकाच्या मध्याला मागे ओढतो. उलट पॅडल दाबताच पूर्ण जोर क्षणात मिळतो आणि चाक पुढे खेचले जाते. लोअर आर्मचा बुश सैल असेल, तर या ओढाताणीत चाक कमानीत पुढे-मागे हलते. पाय उचलला की आवाज आणि पाय ठेवला की शांतता, असा अनुभव असेल तर बुशकडे प्रथम पाहावे.

खडू आणि मोजपट्टी

आवाजाचा प्रसंग कळला, की जागा शोधायची. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. संशयित टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून कड सुरू होते तेथे, आणि आतल्या कडेवर शाळेतला पांढरा खडू भरपूर घासावा. मोकळ्या मैदानात मोटार माणसाच्या चालीने दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावी. आवाज फक्त वजनाखाली येत असेल तर चौघांना बसवावे. त्यानंतर विजेरीच्या प्रकाशात कमानीचे आतले अस्तर पाहावे. खडू जेथे उमटला, ती घासण्याची जागा. जुनी घासण असेल तर खडूशिवायही प्लॅस्टिकवर गुळगुळीत, काळी चकाकी दिसते.

ही खूण कुठे आहे यालाही अर्थ असतो. कमानीच्या मागच्या भागावर असेल तर चाक मागे गेले आहे. वरच्या कडेला असेल तर मोटार खाली बसली आहे किंवा चाक बाहेर आले आहे. टायरच्या आतल्या कडेवर असेल तर शॉक ॲब्सॉर्बर, स्प्रिंगची बैठक किंवा ब्रेकची नळी टायरच्या वाटेत आली आहे. यांतील शेवटची शक्यता सर्वांत घातक होय. टायर घासला तर निदान आवाज तरी होतो. ब्रेकची नळी घासते तेव्हा बहुधा आवाजही होत नाही. शॉक ॲब्सॉर्बर बदलताना ही नळी आणि चाकाच्या वेगाची नोंद घेणाऱ्या सेन्सरची तार सोडवावी लागते. ती पुन्हा मूळच्या खोबणीत बसवली आहे ना, हे प्रत्येक दुरुस्तीनंतर पाहिलेच पाहिजे.

नंतर मोजमाप. मोटार सपाट जागी, रिकामी उभी करावी. चारही टायरमधील हवा कंपनीने सांगितलेल्या दाबाची असावी. जॅकवरून नुकतीच उतरवलेली असेल तर ती काही मीटर पुढे-मागे न्यावी, म्हणजे सस्पेन्शन आपल्या नेहमीच्या जागी बसते. मग चाकाच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. जमिनीपासून मोजण्यापेक्षा हे माप अधिक खरे, कारण त्यात हवेचा दाब आणि टायरची झीज मिसळत नाही. डाव्या आणि उजव्या बाजूंच्या मापांत दहा मिलिमीटरच्या आसपास किंवा अधिक फरक असेल, तर त्याचे कारण शोधावे. दोन्ही बाजू सारख्याच, पण पूर्वीपेक्षा खाली असतील, तर संशय स्प्रिंगवर जातो.

दुसरे माप आडवे. चाके सरळ ठेवून टायर आणि कमानीचे अस्तर यांमधील अंतर पुढे आणि मागे, दोन्ही चाकांना मोजावे. एकच चाक मागे असेल तर दोष त्या बाजूचा. डावे चाक मागे आणि उजवे तेवढेच पुढे असेल, तर ज्या आडव्या चौकटीवर दोन्ही आर्म बसतात, ती सबफ्रेमच तिरकी बसली असण्याची शक्यता मोठी. आर्म काढण्यासाठी ही चौकट सैल करावी लागते आणि खुणा न करता ती पुन्हा आवळली, की काही मिलिमीटरची चूक राहून जाते.

तुटले ते बदलले, वाकले ते राहिले

एक उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. समजा, पुण्यातील एका कुटुंबाची मोटार पावसात मोठ्या खड्ड्यात आदळली. डावा लोअर आर्म वाकला, शॉक ॲब्सॉर्बर गळू लागला. दोन्ही भाग बदलले गेले. शहरात एकट्याने चालवताना तक्रार नव्हती. मोटार किंचित डावीकडे ओढते असे वाटे. पण रस्त्याचा उतार म्हणून मालकाने ते सोडून दिले. गणपतीसाठी कोकणात निघताना मात्र चार माणसे आणि सामान भरले गेले आणि पहिल्याच वळणावर डाव्या चाकातून आवाज आला. गॅरेजवाल्याने सुचवले, "साहेब, अस्तराचा तेवढा भाग कापून देतो, आवाज बंद होईल."

आवाज बंद झालाही असता. पण ताम्हिणीच्या उतारावर तो आवाज हीच एकमेव सूचना होती. खडूची खूण कमानीच्या मागच्या भागावर उमटली. दोन्ही बाजूंची उंची सारखी निघाली, म्हणजे स्प्रिंग निर्दोष ठरली. आडव्या मापात डावे चाक सुमारे दहा मिलिमीटर मागे निघाले, उजवे जागेवर होते. म्हणजे सबफ्रेम सबंध सरकलेली नव्हती. अलाइनमेंटच्या यंत्रावर डाव्या चाकाचा 'कॅस्टर' उजव्यापेक्षा सुमारे एक अंशाने कमी भरला. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहता चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे असलेला कल. अक्षाचे खालचे टोक मागे गेले की हा कल कमी होतो. आणि ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला मोटार ओढते. डावीकडची ओढ, मागची खूण आणि कॅस्टरचा आकडा, तिन्ही साक्षी एकच गोष्ट सांगत होत्या. नवा आर्म सरळ होता. तो ज्या कंसावर बसतो, तो सबफ्रेमवरचा कंस खड्ड्याच्या त्याच दणक्याने वाकला होता. तुटले ते बदलले गेले, वाकले ते राहून गेले.

वजन भरल्यावरच आवाज का यावा, याचेही उत्तर यात आहे. मोटार दबली की चाक कमानीत वर जाते. तेथे जागा अरुंद असते. मागे सरकलेले चाक रिकाम्या मोटारीत कसेबसे निभावते, भरलेल्या मोटारीत ते अस्तराला भिडते.

जुळणीतील नेहमीच्या चुका

प्रत्येक वेळी दोष इतका खोल असतोच असे नाही. सर्वांत साधे आणि बरेचदा आढळणारे कारण म्हणजे अस्तराच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा. काढताना त्या तुटतात आणि नव्या न लावताच काम पुरे केले जाते. अस्तर लोंबते आणि टायरला लागते. म्हणून सर्वांत आधी अस्तर हाताने ओढून पाहावे. काही रुपयांच्या क्लिपांसाठी सस्पेन्शन पुन्हा उघडण्याची वेळ येऊ नये.

दुसरी चूक स्प्रिंगच्या टोकाची. स्प्रिंगचे खालचे टोक बैठकीतील खाचेला टेकलेले असावे लागते. ते खाचेवर चढले, तर मोटार एका बाजूने उंच राहते, वळताना 'टण्' असा आवाज करते आणि पुढे टोक खाचेत घसरले की उंची अचानक बदलते.

तिसरी चूक शॉक ॲब्सॉर्बर आणि चाकाचा सांधा जोडणाऱ्या दोन बोल्टांची. त्यांच्या भोकांत किंचित मोकळीक असते. चाक लटकत असताना बोल्ट आवळले तर चाक आत किंवा बाहेर झुकते. या झुकावाला 'कॅम्बर' म्हणतात. वर सांगितलेल्या आकाराच्या टायरचा वरचा काठ एका अंशाच्या झुकावाने चाकाच्या मध्याच्या तुलनेत सुमारे सहा मिलिमीटर सरकतो.

चौथी चूक कालांतराने उघड होते. लोअर आर्मचा रबरी बुश बाहेरच्या आणि आतल्या धातूच्या नळीला चिकटवलेला असतो. तो फिरत नाही, पिळतो. मोटार जॅकवर असताना, आर्म खाली लोंबलेला असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर मोटार जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते. सुरुवातीस मोटार किंचित उंच वाटते. पुढे रबर फाटते, चाक हलू लागते आणि दुरुस्तीनंतर काही महिन्यांनी टायर घासू लागतो. तेव्हा मालकाला जुन्या कामाची आठवणही राहिलेली नसते. म्हणून हे बोल्ट मोटारीचे वजन चाकांवर असताना, सांगितलेल्या जोराने, टॉर्क पान्यानेच आवळायला हवेत.

अलाइनमेंट म्हणजे रामबाण नव्हे

टायर घासण्याच्या तक्रारीवर "अलाइनमेंट करून घ्या" हा सल्ला सर्रास दिला जातो. कित्येक ठिकाणी अलाइनमेंट म्हणजे केवळ 'टो', अर्थात चाकांचे तोंड आत की बाहेर, एवढेच जुळवले जाते. टो जुळवल्याने मागे सरकलेले चाक पुढे येत नाही. अनेक मोटारींत पुढच्या चाकांचा कॅस्टर आणि कॅम्बर बदलण्याची सोयच नसते. अशा मोटारीत हे आकडे मर्यादेबाहेर असतील, तर कोणता तरी भाग वाकला किंवा सरकला आहे, असाच त्याचा अर्थ. त्यामुळे तिन्ही आकडे दाखवणारा छापील अहवाल, दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा, मागून घ्यावा. स्टिअरिंग सरळ केल्यानंतर अनेक मोटारींत त्याच्या कोनाच्या सेन्सरचीही नव्याने नोंद करावी लागते. अन्यथा घसरण रोखणारी यंत्रणा चुकीचा अंदाज बांधू शकते.

तपासणीसाठी मोटार उचलताना आणखी एक पथ्य आहे. जॅक कंपनीने ठरवून दिलेल्या जागीच लावावा. फरशीखालच्या बॅटरीच्या पेटीला तो कदापि टेकवू नये. खाली दिसणाऱ्या नारिंगी वेष्टनाच्या तारा उच्च दाबाच्या असतात. त्यांना घरच्या घरी हात लावू नये. खडू, विजेरी आणि मोजपट्टी येथपर्यंतचे काम मालकाचे. पुढचे काम प्रशिक्षित कारागिराचे.

केव्हा थांबावे?

टायरच्या कडेतून धागे दिसू लागले, फुगवटा आला, कडेला चीर गेली, जळक्या रबराचा वास आला किंवा ब्रेकची नळी कशालाही टेकलेली दिसली, तर मोटार चालवू नये. ती उचलून न्यावी. पुढची चाके मोटरला जोडलेली असताना ती जमिनीवर टेकवून ओढू नये, कारण फिरणारी मोटर वीज निर्माण करते. नक्षीच्या भागातील पंक्चर काढता येते, कड मात्र दुरुस्त होत नाही. टायरची आतली कड उभ्या मोटारीत दिसत नाही. बाहेरून नवा वाटणारा टायर आतून धाग्यापर्यंत गेलेला असू शकतो. घासण्याचा आवाज आल्यावर चाक काढून आतली कड पाहिल्याशिवाय द्रुतगती मार्गावर वा घाटात जाऊ नये, हे त्यामुळेच.

गॅरेजशी बोलताना

वादापेक्षा पुरावा उपयोगी पडतो. खडूच्या खुणेची छायाचित्रे, चारही चाकांची मापे आणि अलाइनमेंटचे अहवाल सोबत न्यावेत. आवाज ज्या प्रसंगी येतो, त्याच प्रसंगात, आवश्यक तर माणसे बसवून, कारागिरासह मोटार चालवून दाखवावी. बदललेले जुने भाग परत मागावेत. दोष जुळणीचा आहे, सुट्या भागाचा आहे की खड्ड्याच्या दणक्याचा, यावर खर्च कोणी सोसायचा हे ठरते. वरील उदाहरणात कंस वाकला तो खड्ड्याने. गॅरेजची चूक एवढीच, की नवा आर्म बसवण्यापूर्वी त्यांनी तो तपासला नाही. विम्याचा दावा केला असेल, तर असा राहून गेलेला दोष विमा कंपनीलाही तातडीने कळवावा.

सेवेत त्रुटी असूनही दाद मिळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

अस्तर कापून आवाज थांबवता येतो, मागे सरकलेले चाक मात्र तेथेच राहते. म्हणून 'आवाज बंद करून द्या' असे सांगण्याऐवजी 'चाक आपल्या जागी आहे काय, ते मोजून दाखवा' असे गॅरेजला सांगणे अधिक शहाणपणाचे ठरते.